आधी मोऱ्या, मग डांबर
त्रिनिदादच्या पहिल्या प्रवासाची तयारी

(मंडळाच्या श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात कुणीतरी आपल्या परदेशप्रवासाचं वर्णन करतं आणि आपण सगळे ते आवडीने ऐकतो. यंदा कार्यवाहांनी आमचं नाव सुचवलं, तेव्हा आम्ही म्हटलं, "अहो, आम्ही अजून गेलोच नाही!" त्यावर ते म्हणाले, "मग न गेलेल्या प्रवासाचं सांगा. तयारीत काय काय अडलं ते सांगा, लोकांच्या कामाला येईल." म्हणून हे भाषण एका न केलेल्या प्रवासाचं आहे. येत्या मार्चमध्ये आम्ही चौघं, म्हणजे आमचे बाबा, आमची सौ., अकरावीतली मुलगी आणि आम्ही, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर जाणार आहोत.

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, त्रिनिदादच का? दुबई, सिंगापूर, बँकॉक सोडून जगाच्या त्या टोकाला कशाला? याचं उत्तर एका वहीत आहे.

१९७१ साली बाबा एकोणीस वर्षांचे होते, इंदूरच्या कॉलेजात शिकत होते. त्या वर्षी अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला. सामने तिथे दिवसा चालत, त्या वेळी आपल्याकडे रात्र असे, कारण त्रिनिदादचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. बाबा सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच दारात उभे राहत आणि वर्तमानपत्रातले धावफलक वहीत उतरवून घेत. त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. सुनील गावसकर तिथेच पहिली कसोटी खेळले, ६५ आणि नाबाद ६७. आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्याच सामन्यात ११२ केल्या. मालिकेतली शेवटची कसोटीही याच मैदानावर झाली. तिथे दाढ दुखत असताना गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या. चार कसोटींत ७७४! तिथल्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो गाणं रचलं. ही वही अजून आमच्या घरी आहे. शाई फिकी झाली आहे, पण आकडे सगळे वाचता येतात.

२०११ च्या डिसेंबरात आपल्या होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ धावा कुटल्या, तेव्हा आम्ही बाबांना घेऊन गेलो होतो. सगळं स्टेडियम नाचत होतं. बाबा मात्र घरी परतताना म्हणाले, "हे छानच झालं रे. पण ते मैदान एकदा बघायला हवं होतं." त्या 'हवं होतं' मध्ये आता काही होणार नाही, असा सूर होता. तो आमच्या मनात राहिला. पण घर, मुलीची शाळा, गाडीचे हप्ते यांत चौदा वर्षं गेली. बाबा आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. यंदा पाडव्याला आम्ही दोघांनी ठरवलं, आता आणखी थांबायचं नाही.

आता तयारीकडे येतो. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा केलेली माणसं. राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री म्हणून वीस-बावीस वर्षं रस्त्यांवर काढली. रस्त्याच्या कामात एक नियम असतो, आधी मोऱ्या बघायच्या आणि मग डांबर. पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार, हे न बघता वरचा थर कितीही गुळगुळीत केला तरी पहिल्या पावसात रस्ता खचतो. हे आम्ही ठेकेदारांना रोज सांगतो. पण स्वतःच्या प्रवासाच्या वेळी आम्ही नेमकं उलट केलं. दोन महिने रात्री जेवणं झाली की चौघं बसून समुद्रकिनाऱ्यांचे फोटो बघत होतो. निळं पाणी, नारळाची झाडं, हॉटेलचा पोहण्याचा तलाव. म्हणजे नुसतं डांबर!

पहिल्या मोरीत आम्ही पडता पडता वाचलो. भारतातून त्रिनिदादला थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावंच लागतं. एका एजंटाने आम्हाला अमेरिकेतल्या एका शहरातून जाणारं स्वस्त तिकीट काढून दिलं. फक्त पैसे भरायचे बाकी होते. आमच्या पुतण्याने सहज विचारलं, "काका, अमेरिकेचा व्हिसा कुठाय?" आम्ही म्हटलं, आम्हाला अमेरिकेत जायचंच नाही, नुसतं विमान बदलायचं आहे. तेव्हा कळलं की अमेरिकेत विमानतळाबाहेर पाऊल न टाकतासुद्धा व्हिसा लागतो. ते तिकीट परत न होणारं होतं! भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या सहलीसाठी त्रिनिदादला आधी व्हिसा काढावा लागत नाही, आणि आम्ही नेमके एवढ्यावरच निर्धास्त झालो होतो. तेव्हा लक्षात ठेवा, जिथे पोहोचायचं त्या देशाचे नियम बघाच, पण जिथून जायचं त्या प्रत्येक विमानतळाचेही बघा. आणि नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी पुन्हा एकदा बघा. त्रिनिदादची वकिलात नवी दिल्लीत आहे, तिथे विचारता येतं. आम्ही आता युरोपमार्गे जाणार आहोत आणि मध्ये एक रात्र मुक्काम करणार आहोत. त्यासाठी वेगळा व्हिसा काढावा लागेल, खर्चही वाढेल. पण बाबांच्या गुडघ्यांना सलग चोवीस तासांहून जास्त प्रवास झेपणार नाही.

दुसरी मोरी ऋतूची. आपल्याला सुट्ट्या दिवाळीत असतात. पण कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. त्रिनिदाद बरंच दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला लागून असल्यामुळे बहुतेक वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. पण जून ते डिसेंबर तिथे पावसाळाच असतो. जानेवारी ते मे कोरडा काळ. त्यातही ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या आधीचे सोमवार-मंगळवार त्यांचा प्रसिद्ध कार्निव्हल असतो. बघण्यासारखा असतो यात शंका नाही, पण त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाडं परवडत नाही, आणि बाबांना गर्दी सोसवत नाही. म्हणून मार्च. मार्चपासून तिथे समुद्रातली प्रचंड मोठी लेदरबॅक कासवं किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, हा आमच्या मुलीचा फायदा. त्या काळात संरक्षित किनाऱ्यांवर परवानगी काढूनच जावं लागतं.

तिसरी मोरी आमच्या कार्यालयाची. सरकारी नोकराने परदेशी जायचं तर रजेच्या अर्जाबरोबर वेगळी परवानगी लागते, अनापत्ति लागते. आपला अर्ज वर जातो, तिथून प्रश्न विचारत खाली येतो, आपण उत्तर देतो, तो पुन्हा वर जातो. इथे बसलेल्या सगळ्या शासकीय मंडळींना ही आरती पाठ आहे. आम्ही अर्ज आठ महिने आधी दिला. कारणाच्या रकान्यात 'पर्यटन' लिहिलं. बाबूजी म्हणाले, "साहब, इतनी दूर पर्यटन?" आम्ही वहीची गोष्ट सांगितली. त्यांच्याही वडिलांना क्रिकेटचं वेड होतं असं निघालं. फाइल त्या दिवशी एक टेबल पुढे सरकली.

आणि आता चौथी मोरी. खरं सांगायचं तर याच्यासाठीच आम्ही इथे बोलायला उभे राहिलो.

त्रिनिदाद हे पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर होऊ शकणाऱ्या प्रदेशांच्या यादीत आहे. हा डासांमुळे होणारा रोग भारतात नाही, आणि तो येऊ नये म्हणून आपलं सरकार फार कडक आहे. अशा देशातून परतताना लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठराविक केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि एकदा घेतलं की जन्मभर चालतं. इथपर्यंत सगळं सोपं. पण ही लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. साठीच्या पुढच्या माणसाने ती पहिल्यांदाच घेतली तर गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. तशी ती थोडीच, पण जास्त. म्हणून वयस्कांना डॉक्टर सरसकट देत नाहीत, तपासून, विचार करून देतात.

हे वाचलं आणि आमचे हातपाय गळाले. ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याच जिवाला धोका? सौ. म्हणाल्या, बेट बदलू या. बार्बाडोस त्या यादीत नाही. समुद्र तिथेही तसाच, आणि २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक आपण तिथेच जिंकला. पुण्याच्या बहिणीने फोनवर सांगितलं, "दादा, त्यांना नेऊच नका. तुम्ही जा आणि मैदानाचा व्हिडिओ काढून आणा." आम्ही दोघं दोन आठवडे रात्री स्वयंपाकघरात हळू आवाजात हाच विषय चघळत होतो. बाबांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. उगीच घाबरतील, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी आम्ही पोहे खायला बसलो तेव्हा बाबांनी आमच्यासमोर एक कागद ठेवला. लशीची माहिती आम्ही छापून घेतली होती, तो कागद मुलीच्या पुस्तकांत राहिला होता. बाबा शाळेत शिक्षक होते. चूक दाखवताना त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. ते म्हणाले, "प्रवास माझ्यासाठी आहे म्हणता, आणि ठरवताना मलाच वगळता? गुडघे गेलेत माझे. डोकं शाबूत आहे."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मंडळी, आपण सगळे आपल्या म्हाताऱ्या माणसांवर प्रेम करतो. पण कधीकधी त्या प्रेमात आपण त्यांना सामानासारखं वागवतो. कुठे न्यायचं, कुठे ठेवायचं, काय झेपेल, काय झेपणार नाही, सगळं आपणच ठरवतो. त्यांना काय वाटतं, हे विचारायचं राहून जातं. आमचंही तसंच झालं होतं.

मग बाबा आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्ताच्या तपासण्या केल्या, चालू औषधं बघितली, अंड्याची ॲलर्जी आहे का ते विचारलं. नंतर लस केंद्रावरच्या डॉक्टरांशी बाबा स्वतः बोलले. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. वीस मिनिटांनी ते बाहेर आले आणि म्हणाले, "त्यांनी धोका किती ते सांगितलं. न घेता गेलो तर काय, तेही सांगितलं. मी घेतो म्हणालो." आम्ही म्हटलं, घरी जाऊन एकदा विचार करू. ते म्हणाले, "चोपन्न वर्षं केलाय."

लस घेतल्यावर दोन दिवस कणकण होती. त्या दोन रात्री आम्ही झोपलो नाही. त्यांचा श्वास ऐकत शेजारच्या खोलीत जागे होतो. पुढचे दहा दिवस घरात कुणी प्रवासाचं नाव काढलं नाही. देवाच्या कृपेने सगळं ठीक झालं. ते पिवळं पुस्तक आता त्या जुन्या वहीतच ठेवलं आहे. पण हे आमच्या घरचं झालं. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांना न्यायचं असेल तर निर्णय त्यांचा आणि त्यांच्या डॉक्टरांचा. एखाद्याला डॉक्टर नको म्हणतील, तर बेट बदलण्यात काही कमीपणा नाही. फक्त हा प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारा.

लहान मोऱ्या आणखी आहेत, त्या भरभर सांगतो. तिथली वीज ११५ व्होल्टची आणि पिना चपट्या. मोबाइलचा चार्जर चालतो, पण बाबांचं वाफ घेण्याचं २३० व्होल्टचं यंत्र तसं चालणार नाही. विमा काढताना रक्तदाब लपवू नका, नाहीतर ऐन वेळी विमा असून नसल्यासारखा. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावानिशी घ्या आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. आणि सुरक्षितता. बेट सुंदर असलं तरी तिथे गुन्हेगारी आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस तिथल्या सरकारने त्यासाठी आणीबाणीही जाहीर केली होती. म्हणून आम्ही राहण्याची जागा ओळखीतून विचारून घेतली, सगळीकडे ठरवलेल्या टॅक्सीने जाणार, अंधार पडल्यावर फिरणार नाही, दागिने घरीच ठेवणार. जायच्या आधी परिस्थिती पुन्हा बघू आणि ठीक नसेल तर तारीख पुढे ढकलू. तिकीट बदलता येईल असंच घेणार आहोत.

मोऱ्या झाल्या. आता थोडं डांबर, आणि तेही खरोखरचं! त्रिनिदादच्या नैर्ऋत्येला ला ब्रे गावात नैसर्गिक डांबराचं तळं आहे, सुमारे शंभर एकरांचं. नैसर्गिक डांबराचा जगातला हा सगळ्यात मोठा साठा. त्याच्या पृष्ठभागावर माणूस चालू शकतो. १५९५ साली वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने तिथलं डांबर आपल्या गळक्या जहाजांना लावलं होतं. जन्मभर डांबराचे पिंप मोजलेल्या माणसाला याहून मोठं तीर्थक्षेत्र कोणतं? आमची सौ. म्हणतात, तिथे जाऊनही हे रस्त्याचंच काम बघणार. मुलीला कॅरोनीच्या पाणथळीत संध्याकाळी झाडांवर परतणारे लालभडक आयबिस पक्षी बघायचे आहेत. सौ.ना शेजारच्या टोबॅगो बेटाचा समुद्र हवा आहे. बोटीने जायला काही तास लागतात, विमानाने अर्ध्या तासाच्या आत. आम्ही विमान धरलं. तिथे तळाला काच लावलेल्या बोटी आहेत, त्यामुळे बाबांना बसल्या जागी प्रवाळ दिसेल.

आणि तिथले लोक. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून दोनशेच्या वर भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचलं. तो दिवस तिथे सार्वजनिक सुट्टीचा आहे, आणि दिवाळीही. १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं उसाच्या मळ्यांत कामाला गेली, मुख्यतः आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून. आपली कोकणातली माणसं तेव्हा मॉरिशसकडे गेली. त्यामुळे त्रिनिदादमध्ये मराठी ऐकू येईल अशी अपेक्षा नाही. भोजपुरीसुद्धा आता तिथे फारशी बोलली जात नाही, सगळे इंग्रजी बोलतात. पण आजोबांना 'आजा' आणि आजीला 'आजी' म्हणतात! रस्त्यावर छोल्यांबरोबर 'बारा' मिळतो, दोन बारे म्हणून त्या पदार्थाचं नाव 'डबल्स'. डाळपुरी मिळते, आपल्या पुरणपोळीची तिखट चुलतबहीण. आपण इंदूरकर, तेव्हा खाण्याची चौकशी सगळ्यात आधी केली हे सांगायला नको.

वॉटरलू गावात समुद्रात एक देऊळ आहे. सेवदास साधू नावाच्या एका साध्या मजुराने आधी ते किनाऱ्यावर बांधलं. जमीन साखर कंपनीची होती. देऊळ पाडलं गेलं आणि साधूंना तुरुंगात जावं लागलं. सुटून आल्यावर त्यांनी ठरवलं, जमीन कुणाची तरी असते, समुद्र कुणाचा नाही. मग सायकलवरून दगड-सिमेंट वाहून, वर्षानुवर्षं भर घालून, त्यांनी पाण्यात देऊळ उभं केलं. आम्ही भरावाचं काम जाणतो. समुद्रात एकट्याने भर घालणं म्हणजे काय, ते आम्हाला कळतं. तिथे बाबांना न्यायचंच आहे.

आपणही चार-पाच पिढ्यांपूर्वी इकडे आलेली माणसं. आमची मुलगी मराठी बोलते, पण निरोप इंग्रजी अक्षरांत लिहिते. तिला आम्ही म्हटलं, तिकडे एकशे ऐंशी वर्षांनी भाषा गेली, 'आजी' राहिली. ती काही बोलली नाही. पण प्रवासाची यादी तिने देवनागरीत लिहायला घेतली आहे. वेलांट्या आजोबा तपासतात.

क्वीन्स पार्क ओव्हल हे एका क्लबच्या मालकीचं मैदान आहे, आत जायला आधी विचारावं लागतं. त्याचं पत्र बाबांनी स्वतः इंग्रजीत लिहिलं. त्यात त्यांनी सामना बघू द्या असं म्हटलेलं नाही. दहा मिनिटं बसायला जागा हवी, एवढंच लिहिलं आहे. उत्तराची वाट बघतो आहोत.

जाऊन आल्यावर पुढच्या वर्षी फोटो दाखवूच. आज एवढंच सांगायचं होतं. ज्याला सगळ्यात कमी थांबता येईल त्याला आधी विचारा, आणि त्याच्यासमोर बसून ठरवा. बाकीच्या मोऱ्या मग बांधता येतात.

गणपती बाप्पा मोरया!